कार्डाचा उजवा कोपरा

बुधवार, १० जुलै

प्रिय खारूताई,

तुझं पत्र काल दुपारी हाती आलं. खोली लहान आहे, खिडकीतून सायकलींची रांग दिसते आणि सोबतची मुलगी झोपेत बोलते, एवढी माहिती मिळाली. जेवणाबद्दल तू एक अक्षर लिहिलेलं नाहीस, त्यावरून काय समजायचं ते मी समजले. मी बरी आहे. गुडघा अधूनमधून स्वतःची ओळख करून देतो, बाकी तक्रार नाही.

आत्या फोन न करता पत्र का लिहिते, असं तुझी मैत्रीण विचारते म्हणालीस. तिला सांग, फोनवर आमची भाची "हो हो" म्हणते आणि फोन ठेवताच सगळं विसरते. कागद निदान उशीखाली तरी राहतो.

आता तुझा प्रश्न. संशोधन-लेखनाचा वर्ग म्हणजे नक्की काय असतं, आधीच सांगून ठेव, म्हणजे तयारीत राहीन, असं तू लिहिलंस. एकवीस वर्षं मी हा वर्ग घेते आहे आणि आजवर कुणी तयारीत आलेलं पाहिलं नाही. पण विचारतेसच तर ऐक.

पहिल्या आठवड्यात विषय निवडायला सांगतील आणि तू हावरटासारखा भला मोठा विषय घेशील. सगळेच घेतात. माझ्याकडे दर वर्षी कुणीतरी "माणूस आणि यंत्र" घेऊन येतं. मी विचारते, कुठला माणूस, कुठलं यंत्र? मग तो मुलगा माझ्याकडे असा बघतो, जणू मी त्याच्या तोंडचा घास काढून घेतला. दोन महिन्यांनी तोच मुलगा त्याच्या काकाच्या झेरॉक्सच्या दुकानात रांगेतले लोक कशावरून भांडतात यावर बारा पानं लिहितो आणि ती वाचताना माझा चहा गार होतो. तेव्हा विषयाच्या नादी लागू नकोस, प्रश्न शोध. ज्याचं उत्तर तुला आज माहीत नाही आणि कळल्याशिवाय चैन पडणार नाही, असा एखादा.

मग ग्रंथालय. तिथल्या बाई कितीही कडक दिसल्या तरी त्यांच्याशी गोड बोल. त्या मनात आणतील तर तुझा आठवडा वाचवतील.

यानंतरची गोष्ट सगळ्यात कामाची. तुमचं हल्ली सगळं संगणकावर असतं, ठाऊक आहे मला. तरी माझं ऐक आणि पोस्टकार्डाएवढी कोरी कार्डं विकत आण. एका कार्डावर एकच मुद्दा. पण तो लिहिण्याआधी वरच्या उजव्या कोपऱ्यात तो कुणाचा ते लिहायचं. पुस्तक असेल तर पुस्तक आणि पान, माणसाने सांगितलं असेल तर त्या माणसाचं नाव आणि तारीख. विचार तुझा स्वतःचा असेल तर कोपऱ्यात "मी". ही आमच्या सरांची पद्धत. आधी कोपरा, मग मजकूर. कोपरा कोरा दिसला की सर ते कार्ड आमच्या डोळ्यांदेखत फाडायचे. मजकूर कितीही चांगला असो. आम्हाला तेव्हा त्यांचा फार राग यायचा.

चौथ्या-पाचव्या आठवड्यात तू रडशील. आपल्याला काहीच येत नाही, हा वर्ग सोडून द्यावा, असं वाटेल. सोडू नकोस. पहिला मसुदा वाईटच असतो, तो तसा असण्यासाठीच असतो. मग तुम्हाला एकमेकांचे मसुदे वाचायला देतील. तुझा मसुदा तुझ्या लाडक्या मैत्रिणीला देऊ नकोस, ती "छान आहे" म्हणेल. वर्गातल्या सगळ्यात खडूस मुलीला दे.

आणि तू सहज लिहून गेलीस, "आईला विचारलं असतं, पण तिला यातलं काही कळत नाही, ती कंटाळूनच शिक्षण सोडून बसली ना!" त्यावर मला काहीतरी लिहायचं होतं. जाऊ दे, पुन्हा कधीतरी.

अंथरुणात बसून वाचू नकोस, पाठ धरेल.

तुझी
आत्या

*

सोमवार, १९ ऑगस्ट

प्रिय खारूताई,

तुझा मसुदा वाचला. दोनदा वाचला. भाषा स्वच्छ आहे. "अत्यंत" हा शब्द अकरा वेळा आलाय, त्यातले दहा काढ. पान पाचवरची परिचारिका मला आवडली, जी बोलताना सारखी घड्याळाची किल्ली फिरवते. ती राहू दे.

तू असा विषय घेशील असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. रुग्णालयात पाळी बदलताना एक परिचारिका दुसरीच्या हाती वॉर्ड कसा सोपवते. एवढे प्रश्न जगात असताना तुला हाच बरा सापडला! ग्रंथालयात जुने अंक चाळताना माझा लेख मिळाला, तो तू वर्गात सगळ्यांना दाखवलास आणि तुझ्या सरांनी त्याची वाखाणणी केली, हे वाचून मला बरं वाटायला हवं होतं.

खरं सांगू का, अजून महिना आहे. विषय बदलता आला तर बघ. माझा लेख एकोणीस वर्षांपूर्वीचा. वॉर्ड बदलले, वह्या गेल्या, आता परिचारिका पडद्यावर नोंदी करतात. शिवाय स्वतःच्या आत्याच्याच लेखाचा आधार घेणं बरं दिसत नाही. तुझ्या सरांना आवडलं तरी दुसरं कुणी नाक मुरडेल. आणि विषय नाहीच बदलायचा म्हणालीस, तर निदान पान तीनवरचं ते अवतरण काढ. "नोंदवही मिटल्यावर जे बोललं जातं, तीच खरी नोंद." तू त्याच्याखाली माझं नाव मोठ्या अभिमानाने घातलंयस. त्या वाक्याशिवायही तुझा मसुदा उभा राहतो.

त्या कामात तुझ्या आईनेही मदत केली होती, हे तुला माहीत नसेल. आम्ही एका वर्गात होतो एवढं तू ऐकून आहेस. हा प्रकल्प आम्ही जोडीने घेतला होता. वॉर्डात आम्ही दोघी जायचो.

इथे परीक्षांचे पेपर येऊन पडलेत, त्यामुळे आवरतं घेते. मसुदा कडेला शेरे लिहून परत पाठवते आहे. शेरे कमी आहेत. दमले होते.

आत्या

*

सोमवार, ९ सप्टेंबर

खारूताई,

तुझं उत्तर आलं त्याला दहा दिवस झाले. इतके दिवस मी गप्प राहिले, त्याचं कारण या पत्रात आहे. हे पत्र खोलीत एकटी असताना वाच.

तू दोन गोष्टी विचारल्या होत्यास. एक, "अवतरण का काढू? सगळा मसुदाच त्यावर उभा आहे." दुसरी तू गमतीत विचारलीस, "आईने मदत केली म्हणजे काय केलं? डबा दिला?"

ते वाचलं आणि माझ्याने पुढे वाचवेना.

"मदत" हा शब्द मी लिहिला, तो खोटा होता. ते वाक्य तुझ्या आईचं आहे. ते माझ्या लेखात आहे, त्याच्याखाली माझं नाव आहे, आणि ते चुकून आलेलं नाही.

तेवीस वर्षांपूर्वी आम्ही दोघी त्या वॉर्डात सहा आठवडे जात होतो. तुझ्या आईची आई तिथेच परिचारिका होती, म्हणून आम्हाला आत बसू दिलं. चादरींच्या कपाटाशेजारी एक बाक होतं, तिथून सगळं दिसायचं. दुपारी दोनला पाळी बदले. सकाळची परिचारिका वहीतून वाचून दाखवायची, दुपारची ऐकायची, दोघी सह्या करायच्या. मी मान खाली घालून वहीतलं सगळं उतरवून घ्यायची. मला वाटायचं, संशोधन म्हणजे जेवढं जास्त उतरवू तेवढं चांगलं. तुझी आई काही लिहायची नाही. नुसती बघत बसायची. मी तिला आळशी म्हणायची.

एक दिवस जिना उतरताना ती म्हणाली, "तुझ्या लक्षात आलंय का? वही मिटली की मगच त्या खरं बोलतात. सात नंबरची बाई मुलगा आला नाही म्हणून जेवत नाहीये, हे वहीत कुठेय? वहीत ताप लिहितात. नोंदवही मिटल्यावर जे बोललं जातं, तीच खरी नोंद."

मी तिथेच थांबले, कार्ड भिंतीवर टेकवलं आणि ते वाक्य जसंच्या तसं लिहिलं. कोपरा कोरा ठेवला. समोर उभ्या असलेल्या माणसाचं नाव काय लिहायचं, असं वाटलं. ती एक पायरी खाली उभी होती, चपलेचा बंद तुटला म्हणून चपला हातात घेऊन. हे विसरणं शक्य आहे का?

शेवटच्या वर्षी तिची आई अंथरुणाला खिळली आणि ती घरी गेली. कंटाळून नाही गेली. आईचं करायला दुसरं कुणी नव्हतं म्हणून गेली. पुढच्या वर्षी आई वारली आणि आणखी काही महिन्यांनी ती आपल्या घरात आली ती दादाची बायको होऊन. मी तिला नावाने हाक मारायचं सोडून वहिनी म्हणायला लागले. प्रकल्पाचं खोकं माझ्याकडेच राहिलं होतं.

मग तुझ्या जन्माचं वर्ष. मी तेव्हा कॉलेजात तात्पुरती होते. विभागप्रमुखांनी सांगितलं, एक लेख छापून आला तर कायम करता येईल, तीन महिने आहेत. मी खोकं उघडलं. ऐंशीच्या वर कार्डं होती. वहीतल्या नोंदींची कार्डं, तापाची, औषधांची, सह्यांची. त्यांत काही दम नव्हता. आणि मग ते एक.

इतकी वर्षं मी स्वतःला अशी समजूत घातली, की कोपरा कोरा होता, मला वाटलं आपलंच असेल, घाईत होतो, चूक झाली. मी वर्गातही सांगते, कोरा कोपरा घात करतो. मुलं मान डोलवतात. पण खारू, मला जिना आठवत होता. चपला आठवत होत्या. ते कार्ड हातात धरून मी चांगली दहा मिनिटं बसले होते. मनात एक वाक्य अगदी स्पष्ट म्हटलं होतं: तिला आता त्याचा काय उपयोग? मग पेन उचललं आणि कोपऱ्यात "मी" लिहिलं. मजकूर निळ्या शाईत आहे आणि "मी" काळ्या. ते कार्ड अजून माझ्याकडे आहे. तू तेव्हा अकरा दिवसांची होतीस.

अंक छापून आला तो दादाने घरी नेला आणि येईल त्याला दाखवत सुटला. मी आठवडाभर तिकडे फिरकले नाही. शेवटी गेले. तुझ्या आईने लेख वाचलेला होता. "छान झालाय," म्हणाली, आणि तुला माझ्या मांडीवर ठेवून आत गेली. त्या दिवसानंतर तिने माझ्याशी वाचण्या-लिहिण्याबद्दल कधीही एक शब्द काढला नाही. आमचं भांडण झालं नाही, येणं-जाणं तुटलं नाही, माझा वाढदिवसही ती विसरत नाही. घरात सगळे म्हणायला लागले, हिला अभ्यासाची आवड नाही, नणंदेचा थोडा गुण लागला असता तर. हे माझ्यासमोर म्हणत. मी ऐकून घ्यायची. तूही हेच ऐकत मोठी झालीस.

काल रविवार होता. सकाळची बस धरून मी दादाच्या चष्म्याच्या दुकानात गेले. दादा जेवायला घरी गेला होता. तुझी आई काउंटरमागे एका चष्म्याच्या काडीचा स्क्रू बसवत होती. मी न बसताच म्हणाले, "वहिनी, तो लेख तुझा होता."

स्क्रू बसेपर्यंत तिने मान वर केली नाही. मग म्हणाली, "सगळा नाही. वॉर्डात राबलो दोघी. ते वाक्य माझं होतं."

"त्या वाक्याशिवाय लेखात होतं काय?"

"ते तू सांग. तू शिकवतेस."

मी क्षमा मागितली. जशी सुचली तशी मागितली, वाक्यं धड जुळत नव्हती. तिने मला मध्येच थांबवलं. ती काय म्हणाली ते मी इथे तिच्याच शब्दांत लिहिते, कारण यातलं काही माझ्या शब्दांत सांगायचा मला हक्क नाही.

"पहिली दोन वर्षं मी वाट बघितली. तू आलीस की वाटायचं, आज बोलेल. मग पोरगी चालायला लागली, दुकान वाढलं, वाट बघायचं राहून गेलं. राग नाही असं मी म्हणणार नाही. पण लेखाचा तेवढा नाही. पोरीला वाटतं आईला काही कळत नाही, आणि तू एकोणीस वर्षं ते ऐकून घेतलंस. त्याचा आहे."

बाहेर एक गिऱ्हाईक येऊन उभं राहिलं होतं, म्हातारे गृहस्थ, नवा चष्मा न्यायला आलेले. तिने तो त्यांच्या नाकावर नीट बसवला, आरसा न देता दाराकडे वळवलं आणि विचारलं, "पहिलं काय दिसलं?" ते थोडा वेळ रस्त्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "समोरच्या झाडाला पानं सुटी सुटी आहेत." ते गेल्यावर तिने खणातून निळी वही काढली आणि ते लिहून ठेवलं. आधी त्यांचं नाव आणि तारीख, मग ते काय म्हणाले ते.

त्या निळ्या वह्या तू लहानपणापासून पाहिल्या आहेस. तुला वाटलं असेल त्यात चष्म्याचे नंबर आहेत. मलाही तसंच वाटायचं. कालपर्यंत मी कधी उघडून बघितली नव्हती. सोळा वह्या आहेत. मी उभ्या उभ्या चार वाचल्या. दमून ठेवल्या नाहीत, दादा परत आला म्हणून ठेवाव्या लागल्या. एकवीस वर्षं वर्ग घेऊन मी एकाही विद्यार्थ्याकडून असं काम करून घेऊ शकले नाही.

निघताना मी विचारलं, खारूला मी सांगू का? ती म्हणाली, "सांग. पण फोनवर नको. लिहून दे, तारीख घालून." म्हणून हे.

आज सकाळी मी दोन पत्रं टपालात टाकली. एक त्या नियतकालिकाच्या संपादकांना, एक आमच्या प्राचार्यांना. दोन्हींत हेच लिहिलंय, याहून कमी शब्दांत. पुढे काय होईल मला माहीत नाही. गेल्या वर्षी मी एका मुलीला दोन परिच्छेद उचलले म्हणून नापास केलं होतं. ती माझ्या टेबलापाशी उभी राहून रडली आणि मी तिला प्रामाणिकपणावर दहा मिनिटं ऐकवलं. तिलाही पत्र लिहायचं आहे. तिचा गुन्हा गुन्हाच होता, पण ते ऐकवणारी मी नको होते. उद्या मला वर्ग घेऊ देणार नसतील तर तक्रार करायला मला तोंड नाही. भीती वाटते, हे मात्र तुझ्यापासून लपवत नाही. वर्गाशिवाय मला दुसरं काही येत नाही.

आता तुझं काम. वीस तारखेला मसुदा द्यायचा आहे ना? विषय बदलू नकोस. तुला तो टाकायला सांगितला तेव्हा मी तुझं हित बघत नव्हते, स्वतःची कातडी वाचवत होते. पान तीनवरचं अवतरण राहू दे. माझं नाव खोड. तिथे तुझ्या आईचं नाव लिही, लग्नाआधीचं, कारण ते बोलली तेव्हा ती तेच नाव लावत होती. तळटीपेत माझ्या लेखाचा उल्लेख कर आणि त्यात हे वाक्य चुकीच्या नावावर छापलं गेलं असंही लिही. पुरावा म्हणून हे पत्र जोड. सर विचारतील तर खुशाल वाचायला दे.

पण त्याआधी घरी जा. दोन दिवसांची सुट्टी काढ आणि आईच्या समोर वही घेऊन बस. त्या सहा आठवड्यांचं तिला जेवढं आठवतं, तेवढं मला एका टक्क्यानेही आठवत नाही. मी तेव्हा मान खाली घालून लिहीत होते. तिला प्रश्न विचार, आणि ती बोलायची थांबली तरी लगेच उठू नकोस. तिच्याशी बोलताना मुलगी म्हणून संकोच वाटेल, सुरुवातीला शब्द अडकतील. तरी बस.

माझ्यावर चिडशील. चीड. बोलावंसं वाटणार नाही तेवढे दिवस बोलू नकोस, मी घाई करणार नाही. एवढंच मागते, की आईवरचा माझा अन्याय मोजताना त्यातला तुझा वाटा धरू नकोस. तुला जे सांगितलं गेलं ते तू खरं मानलंस. सांगणाऱ्यांत मी होते.

तुझ्या आईच्या एका वाक्यावर एकोणीस वर्षं नोकरी केलेली,
तुझी आत्या